ती ‘उधारी बंद’ची पाटी उतरव

चि. सोनू हिस,


दुकानाचा फोटो मिळाला. मोठा करकरून पाहिला. फळ्या, बरण्या, वर ठसठशीत मराठी नाव. ते बरं केलंस. २०२२ पासून एकट्यादुकट्याच्या दुकानालाही मराठी पाटी लागतेच. पण गल्ल्यामागे लाल अक्षरांत ‘उधारी बंद’? आणि वर मला लिहितेस, ‘आत्या, पहिल्या दिवसापासून शिस्त.’ पोरी, रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तू विचारलं होतंस फ्रीज मोठा घेऊ की लहान. लहान घे. लाइट बिल दुकानाच्या दराने येईल. संपलं. आता माझं ऐक.

तुझ्या मढमध्ये पैसा समुद्रातून येतो, आणि समुद्र १ जून ते ३१ जुलै बंद असतो. यंत्रावरच्या बोटी एकसष्ट दिवस किनाऱ्याला. नाखवा त्या दिवसांत बोट डागडुजीला काढतो, जाळी दुरुस्त करतो, म्हणजे आवक बंद आणि खर्च चालूच. बायका सुके बोंबील, सुकट विकून घर रेटतात. तांदूळ, तेल, चहा, साखर मात्र रोजच लागते. कोळीवाड्यातल्या गिऱ्हाइकाला त्या दोन महिन्यांत तुझ्या लाल पाटीने काय सांगायचं? ऑगस्टात ये म्हणून? ऑगस्टात ती बाई येणारच नाही. जिने जुलैत सांभाळलं तिच्याकडे जाईल, आणि जन्मभर जाईल.

शूटिंगवाल्यांच्या भरवशावर राहू नकोस. बंगल्यावर युनिट उतरलं की पाण्याच्या बाटल्यांचे खोके हां हां म्हणता जातील, पुढचे आठ दिवस कुणी फिरकणार नाही. अक्साला, एरंगळला रविवारी येणारी पोरं रोख देतात, कबूल. पण ती वेफर्स नेतात, महिन्याचं सामान नेत नाहीत. आणि रोखच द्यायची तर गावातला माणूस तरीने वेसाव्याला जाईल, नाहीतर २७१ नंबरची बस पकडून मालाडला. तिथे चार रुपये स्वस्तही मिळेल. तुझ्या दारी तो येतो तो तू त्याला ओळखतेस म्हणून.

तुझा बाबा लगेच म्हणेल, उधारीचं पोतं सव्वा हात रितं, आणि आमच्या अप्पांच्या लालबागच्या दुकानाचा विषय काढेल. गिरणी संपातल्या उधारीने दुकान गेलं, हे तो लग्नकार्यातसुद्धा सांगतो. अर्धंच खरं आहे ते. मी गल्ल्यावर बसत होते, तो नव्हता. गिरण्यांच्या पगारावर अप्पांनी वर्षानुवर्षं उधार दिलं. पगार झाला की संध्याकाळी ओटीवर रांग लागायची, बाकी फिटायची आणि तिथेच नवं पान सुरू व्हायचं. त्याच उधारीवर तुझ्या बाबाचं कॉलेज झालं, हे तो सांगत नाही. मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. अडीच लाख माणसं घरी बसली. अप्पा म्हणाले, होळीपर्यंत मिटेल. मग म्हणाले, गणपतीपर्यंत. माणसं कोकणात, घाटावर गावी गेली, घाऊकवाल्याने माल थांबवला, आणि तो संप मागे घेतल्याचं तर कुणी कधी जाहीरच केलं नाही. दुकान उधारीने नाही गेलं, सोनू. पैसा कधी येणार याची तारीख हरवली म्हणून गेलं.

मढच्या बंदीला तारीख आहे! सरकार ती आधी सांगतं, आणि नारळी पौर्णिमा पंचांगात छापलेली असते. ज्याच्या पैशाला तारीख आहे त्याला उधार देणं हाच तर धंदा. ज्याच्या पैशाला नाही, त्याला हवं तर शेरभर तांदूळ तसेच दे, वहीत लिहू नकोस.

आता कसं द्यायचं ते. खातं घरच्या कर्त्या बाईच्या नावावर. कोळीवाड्यात पैशाची किल्ली तिच्याच कमरेला असते, हे तुझ्या सासूबाईंकडे पाहून तुला कळलं असेलच. वह्या दोन, एक तुझी, एक तिची. माल दिला की दोन्हींत तिच्यासमोर लिहायचं, मग पिशवी उचलू द्यायची. ‘नंतर लिहिते’ म्हटलंस की मेलीस. महिन्याला बेरीज, खाली तिची सही. तीन वर्षांच्या मुदतीत लेखी कबुली मिळाली की कायद्याने मुदत नव्याने धरतात. कोर्टात तू जाणार नाहीस, पण सही केलेल्या आकड्यावर भांडण होत नाही. पावसाळ्याचं खातं मागची बाकी फिटल्याशिवाय उघडायचं नाही. तांदूळ, डाळ, तेल, चहा, साबण लिही. बिडी-तंबाखू, थंड बाटल्या रोखीने. आणि सगळी उधारी मिळून भांडवलाच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेली की जाऊबाईलासुद्धा नाही म्हणायचं. जाऊबाईला तर आधी.

काट्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का दर वर्षी मारून घे. कोळणीला तोळ्याचा फरक हातात कळतो. आणि फोटोत पोती जमिनीवर दिसली! खाऱ्या हवेत मीठ पाझरतं, बिस्किटं मऊ पडतात. फळ्यांवर चढव, भिंतीपासून वीतभर लांब. जून-जुलैचा माल मेअखेरीस भर, पण बेताने. त्या महिन्यांत तुझे पैसे लोकांच्या वह्यांत असणार आणि घाऊकवाला पौर्णिमेपर्यंत थांबणार नाही. त्याला काय देणार आहेस? हा हिशेब तुझ्या पत्रात कुठेच नाही.

भांडवल ‘जमवलं’ एवढंच लिहिलंयस. कुठून जमवलंस? फोटोत तुझा हात दिसतो, त्यात माझ्या आईच्या पाटल्या नाहीत. दुकानात कामाला नको म्हणून काढून ठेवल्या असतील तर ठीक. गहाण असतील तर कुणाकडे, किती व्याजाने, आणि सोडवायची तारीख कुठली, हे मला उलट टपाली कळव. बाबाला बोलणार नाही. माझी एक ठेव पिकतेच आहे.

तुझी,
आत्या