शेवटून दुसरा

आमच्या बऱ्हाणपुरात दिवाळी झाली की एक भांडण ठरलेलं असतं. हिवाळ्यातल्या आमच्या छोट्या संगीत महोत्सवाचा समारोप कोणाच्या गाण्याने करायचा? महोत्सव दोन संध्याकाळींचा, श्रोते ओळखीचे, खर्च देणग्यांवर. तरीही समारोपाचा विषय निघाला की बैठकीतला प्रत्येक जण एकदम जाणकार होतो. खजिनदारांना नाट्यगीतं हवी असतात, कारण त्यांना लोक थांबतात. तरुण मंडळींना तबला आणि पखवाजाची जुगलबंदी हवी असते, कारण तिला टाळ्या पडतात. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ आप्पा एवढंच म्हणतात, "कुणीही येऊ दे, भैरवी झाली पाहिजे."

या वादात एक गोष्ट सगळेच विसरतात. आपल्या संगीतात आयोजकांना कार्यक्रम निवडता येतच नाही, फक्त माणूस निवडता येतो. व्हिएन्नात नववर्षाच्या मैफलीच्या अखेरीस योहान स्ट्राउसचं डॅन्यूब नदीवरचं वॉल्ट्झ आणि त्याच्या वडिलांचं राडेट्स्की मार्च ठरलेलं असतं. मार्चच्या ठेक्यावर श्रोते टाळ्या वाजवतात आणि त्या कधी थांबवायच्या तेही वाद्यवृंदाचा संचालकच खुणावतो. लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्रीचं असंच. एल्गारचं मार्च, हेन्री वूडने १९०५ साली रचलेली सागरगीतांची माला, लोकांच्या हातात झेंडे. हे सगळं छापील असतं, म्हणून बदलायचं तर मुद्दाम ठरवून बदलावं लागतं. २००१ साली अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ती रात्र आली. संचालक लेनर्ड स्लॅटकिन स्वतः अमेरिकन. झेंड्यांचा जल्लोष बाजूला ठेवून त्यांनी बार्बरचं अडाजिओ आणि बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीचा शेवट घेतला. आपल्याकडे असा निर्णय कुठली समिती घेणार? गवई मंचावर बसतो, तानपुरे जुळवतो, समोर नजर टाकतो आणि मग ठरवतो. कधी तर षड्ज लागल्यावर ठरवतो. आम्ही फार तर चहा देताना हळूच फर्माईश करू शकतो.

मग आमच्या हातात उरतं काय? गाण्याची वेळ आणि त्याच्या आधी काय ठेवायचं ते.

पुण्याचं उदाहरण आमच्या बैठकीत हमखास निघतं. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. १९५२ साली ते गेले आणि पुढच्या वर्षीपासून त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. समारोप त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या गाण्याने व्हायचा. भीमसेन थकल्यावर ती जागा पुढे बरीच वर्षं प्रभा अत्रे यांनी सांभाळली. आणि सगळं संपल्यावर गुरूंच्या आवाजातली भैरवीतल्या ठुमरीची ध्वनिमुद्रिका लावायची. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. शेवटचा शब्द कुणाचा, हा वादच त्यांनी मिटवून टाकला. शेवटचा शब्द गेलेल्या माणसाचा. त्याच्या आधी जो गाईल, तो कितीही मोठा असो, शेवटून दुसराच.

मध्यंतरी आमच्यातल्या कुणीतरी सुचवलं की आपणही समारोपाला एखादी जुनी तबकडी वाजवू. मी कडाडून विरोध केला. पुण्याच्या लोकांना आपल्या गुरूचा आवाज आहे. आपण कुणाचा लावणार? या गावाचं सांगीतिक भाग्य मोठं, पण ते सगळं ध्वनिमुद्रणाच्या फार आधीचं. शेख बहाउद्दीन बाजन या सूफीची कबर इथे आहे. १५०६ साली वारलेला हा माणूस लोकांच्या बोलीत जिकरी, म्हणजे भक्तिगीतं, रचायचा आणि त्या रागांत गायल्या जायच्या. पुढे फारुकी घराण्यातल्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला कर्नाटकातून पुंडरीक विठ्ठल नावाचा पंडित आला आणि त्याने 'सद्रागचंद्रोदय' लिहिला. एकोणीस मेलांत, म्हणजे थाटांत, राग बसवण्याची खटपट या तापीकाठी झाली. त्या मेलांत तोडी आहे, केदार आहे आणि हिजेज नावाचाही एक मेल आहे. अरबस्तानातलं नाव संस्कृत ग्रंथात सोवळ्याओवळ्याची भीती न बाळगता येऊन बसलंय. नदीपलीकडच्या जैनाबादेत हिराबाई नावाची गायिका होती. औरंगजेब १६५३ च्या सुमारास दख्खनच्या सुभेदारीवर आला तेव्हा तिच्यात कसा गुंतला, याचे किस्से फारसी चरित्रग्रंथांत आहेत. तिचं रूप, तिचे नखरे, शहजाद्याला तिने दारूचा पेला कसा पुढे केला, सगळं लिहून ठेवलंय. ती काय गायची, ते लिहावंसं मात्र एकालाही वाटलं नाही. असो.

पुंडरीकाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. कानडी मुलखातून निघालेला हा माणूस बऱ्हाणपूरहून पुढे कछवाहांच्या आणि अकबराच्या दरबाराकडे गेला. उत्तरेतलं गाणं समजून घेऊन त्याने ते शास्त्रात बसवलं. साडेतीनशे वर्षांनी त्याच कानडी मुलखातले रामभाऊ, भीमसेन, गंगूबाई हंगल उत्तरेचाच ख्याल घेऊन महाराष्ट्राला वेड लावतात. वाटेवरच्या गावांचं अशा वेळी फारसं कुणी नाव काढत नाही. म्हणून समारोपाला केदार व्हावा, असं माझ्या मनात आहे. पुंडरीकाचा केदार आणि आजचा केदार एक नव्हेत, हे मला कळतं. पण रात्रीच्या पहिल्या प्रहरात, या गावात, तो नुसता कानी पडला तरी मला पुरे. गवयाला हे सांगायचं की नाही, हे अजून माझं ठरलेलं नाही. मोठ्या कलावंताला राग सुचवला तर तो हमखास दुसरा गातो.

वेळेचं गणित याहून अवघड. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून उघड्या मंडपातला ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती आमच्यासारख्यांच्या वाट्याला कशाला येतेय. पूर्वी मैफल रात्रभर चालायची आणि भैरवीच्या वेळी खरोखरच उजाडलेलं असायचं. आता भैरवी पावणेदहाला. दरबारी आणि मालकंस यांना त्यांची वेळ मिळतच नाही. त्यात आमचं रेल्वे स्टेशन गावात नाही, लालबागला. मुंबईकडची रात्रीची गाडी गाठायची असेल तर गवयाचा एक डोळा घड्याळावर असतो आणि तबलजीचे दोन्ही. गेल्या काही वर्षांत मी विलंबितात घाई ऐकलीय, तिचं कारण घराण्यात शोधण्यात अर्थ नाही, रेल्वेच्या वेळापत्रकात शोधावं. माझा आग्रह असा की समारोपाच्या कलावंताला त्या रात्री गावातच ठेवायचं. खोलीचं भाडं लागेल. खजिनदारांनी ते पाणीपुरवठ्याच्या खर्चात दाखवलं तरी माझी हरकत नाही.

उरलं ते त्याच्या आधी काय ठेवायचं, आणि खरं भांडण तिथेच आहे. आपल्याकडे ज्येष्ठाने शेवटी बसायची रीत आहे. रीत चांगली, पण त्याच्या आधी तासभर तबला-पखवाजाची फटाकेबाजी झाली की म्हाताऱ्या गवयाने आलापी कुणाच्या कानांपुढे करायची? तोंडभर ठेचा खाल्लेल्याला बासुंदी वाढण्यातला प्रकार. लोक उठतात, मंडपाबाहेर चहा घेतात, निम्मे परततच नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी तेच म्हणतात, यंदा समारोप काही रंगला नाही. यात गवयाचा दोष नाही. शेवटून दुसऱ्या कार्यक्रमानेच शेवटचा मारलेला असतो. आपण सगळी अक्कल शेवटच्या नावावर खर्च करतो आणि त्याच्या आधीची जागा उरलासुरला कुणी भरतो.

माझी सूचना अशी होती: जुगलबंदी पहिल्या संध्याकाळी, अगदी शेवटी, तिला तिथे टाळ्या मिळू देत. दुसऱ्या संध्याकाळी समारोपाच्या आधी बासरी, तीही पाऊण तास. बासरीने कान शांत होतात आणि तिच्यानंतर माणसाचा आवाज आला की त्याची ओढ वाटते. तरुणांनी कुरकुर केली, पण पहिल्या दिवसाचा शेवट आपल्याला मिळतोय हे लक्षात आल्यावर मानली. नाट्यगीतांचं खजिनदारांनी स्वतःच सोडलं; गवयाने भैरवीत एखादा अभंग घ्यावा, इतकीच विनंती करायची ठरली. आप्पांची भैरवी शाबूत राहिली, ते खूश.

आता शेवटून दुसऱ्या जागेवर बासरी बसली असं मला वाटत होतं, तोच कार्यवाहांनी त्यांची चिठ्ठी वाचली. समारोपाच्या कलावंताची ओळख करून देण्यापूर्वी देणगीदारांचे सत्कार. शाल, श्रीफळ, दोन शब्द. ही प्रथा कुणी पाडली कोण जाणे, पण ती मोडायची म्हणजे मंडळच मोडायचं. केळ्यांचे व्यापारी, यंत्रमागवाले, दोन डॉक्टर, यांच्या जिवावर तंबू उभा राहतो आणि त्यांना गर्दी असतानाच मंचावर बोलवायला हवं, हेही खरं. म्हणजे बासरीने जे कान तयार केले, त्यांत पंचवीस मिनिटं माइकची घरघर आणि आभाराची भाषणं ओतायची, मग केदार.

शेवटी मीच यातल्या सर्वांत मोठ्या देणगीदारांकडे गेलो. त्यांचा केळ्यांचा व्यवसाय, गाण्याची फारशी आवड नाही. सत्कार पहिल्या दिवशी, जुगलबंदीच्या आधी घेतला तर चालेल का, असं विचारलं. त्या दिवशी गर्दी जास्त असते, हेही सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "पण मग दुसऱ्या दिवशी मला यावंच लागेल का?" नाही आलात तरी चालेल, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी पावतीपुस्तक मागवलं आणि आकडा वाढवला.