कापायचं आपण, सांधायचं पेशीनं

'जीन गन' म्हटल्यावर मी हातात धरायच्या पिस्तुलाची कल्पना केली होती. नवी मुंबईत महाप्याच्या प्रयोगशाळेत टेबलावर निघालं एक पेटाडं. आत पेट्रीडिश, तिच्यात तपकिरी थर. फिओडॅक्टायलम म्हणे, समुद्रातलं एकपेशीय शैवाल. शैवाल हिरवंच असतं, एवढ्या ज्ञानावर मी तिथे गेले होते. हा रंग फ्युकोझँथिन या रंगद्रव्याचा. सोन्याच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चिकटवायचा, पेटाड्यातली हवा ओढून घ्यायची आणि हेलियमचा दाब चढवत न्यायचा. पातळ चकती फुटते, 'फट्' होतं, कण पेशींत घुसतात. झालं!

मग डीएनए घेतलेल्या पेशी निवडायच्या. त्यासाठी झिओसिन हे औषध घातलेल्या प्लेट्स, पण खारं पाणी निम्म्याच ताकदीचं. समुद्रातल्या जिवाला अर्धंच मीठ का?

"अगं, मीठ जास्त झालं की झिओसिन लागूच पडत नाही," सिनियर ताई म्हणाल्या.

वसाहती दिसायला दोन-तीन आठवडे. तोवर नुसतं प्लेट उजेडाकडे धरून बघणं.

खरी गोची क्रिस्परची, म्हणजे जीन बदलण्याच्या तंत्राची. वीस अक्षरांचा गाइड आरएनए कॅस-9 या प्रथिनाला नेमक्या जागी नेतो, कॅस-9 डीएनए कापतो. "मग आपण नवी अक्षरं लिहायची?" मी विचारलं.

"इथे नाही. आपण फक्त कापायचं. सांधते पेशी, आणि सांधताना चुकते. त्या चुकीनं जीन बंद पडतो."

म्हणजे 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं तंत्र पेशीच्या चुकीवर विसंबून! त्यात प्रत्येक जीनच्या दोन प्रती; दोन्ही बिघडायला हव्यात. शिवाय एकाच वसाहतीत बदललेल्या आणि न बदललेल्या पेशी एकत्र नांदतात. सिक्वेन्सिंगच्या आलेखात शिखरं एकमेकांवर चढलेली दिसली की पुन्हा पातळ करून पसरायचं, पुन्हा वाट बघायची. 2016 मध्ये नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममधल्या संशोधकांनी याच शैवालात क्रिस्पर यशस्वी केलं, तेव्हा त्यांनीही हेच भोगलं असणार.

सिंकमध्ये मात्र थेंबही ओतायचा नाही. जीन बदललेल्या जीवांसाठीच्या 1989 च्या नियमांखाली सगळा कचरा आधी निर्जंतुक व्हायला ऑटोक्लेव्हमध्ये. ठाणे खाडी जवळच आहे, 2022 पासून रामसर पाणथळ स्थळ.

हा खटाटोप कशासाठी, तर बऱ्याच ठिकाणी तेलासाठी. आमच्या शेजारी घणसोलीत रिलायन्सचे संशोधक शैवालावर काम करतात. 2017 मध्ये सिंथेटिक जिनोमिक्स आणि एक्सॉनमोबिलनं नॅनोक्लोरॉप्सिस या दुसऱ्या शैवालाच्या एका जीनची पातळी कमी करून तेलाचं प्रमाण सुमारे 20 वरून 40 टक्क्यांपुढे नेलं. वाचून मी हरखले होते. पण 2023 मध्ये एक्सॉननं शैवालातून अंग काढून घेतलं. प्रयोगशाळेत जमणं वेगळं, पंपावर परवडणं वेगळं. तेव्हा 'शैवालापासून इंधन' अशी बातमी वाचलीत, तर लिटरचा भाव कुठे लिहिलाय ते आधी शोधा.