अकरावा दिवस

शस्त्रक्रियेला ११ दिवस झाले होते. धाकट्या सूनबाईंनी खोलीतील आरशावर ओढणी टाकून ठेवली होती. दोन बाळंतपणांनंतर ओघळलेली छाती पुन्हा भरलेली दिसावी, एवढीच त्यांची इच्छा. प्रत्यक्षात दोन्ही बाजू ताठरलेल्या, गळ्याकडे सरकलेल्या; त्यातही डावी अधिक वर. त्वचेवर पिवळट-जांभळे डाग. पैसा गेला आणि रूपही गेले, असे त्यांच्या मनाने घेतले. पतीखेरीज घरात कोणास ठाऊक नव्हते. पाठीचे दुखणे सांगितले होते.

सासूबाईंनीच एके दुपारी दार लोटले. "दुखणे पाठीचे नाही, हे मला केव्हाच कळले. तुझा हात वर जात नाही. चल, डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. रोपण स्नायूखाली बसविले की आखडलेला स्नायू ते आरंभी वर धरून ठेवतो. सूजही दोन्हीकडे सारखी उतरत नाही. स्नायू सैलावला की काही आठवड्यांत रोपण खाली येते. खरा आकार ३ ते ६ महिन्यांनी दिसतो. गल्ला रोज रात्री मोजणाऱ्या घराला एवढी प्रतीक्षा जडच! मात्र एकच बाजू एकाएकी फुगली, लाल झाली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावयाचे.

घरी परतल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. वरच्या फळीवरचे मसाल्याचे डबे त्यांनी एकेक करून खाली आणून ठेवले.