विक्रेत्याचे नाव

एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना कुठे पाठवायचे, हा प्रश्न आमच्या विभागापुढे आता दरवर्षी उभा राहतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले. मुलांच्या तोंडी ‘ओजेटी’. त्याला चार श्रेयांक. वाणिज्यवाल्यांना बँका आहेत, रसायनशास्त्राला तळोज्याचे कारखाने आहेत. मराठीला एखादे वृत्तपत्र, एखादे मुद्रणालय, फार तर एखादे ग्रंथालय. आणि तिथे अशी किती मुले मावणार? त्यामुळे पनवेलमधल्या एका कार्यालयाने (नाव सांगण्याचे कारण नाही) प्लास्टिकबंदीची पाहणी करण्यासाठी चार विद्यार्थी मागितले, तेव्हा मी फारसा विचार न करता होकार दिला. पाहणीनंतर जनजागृतीची पत्रके लिहायची होती. भाषेशी तेवढा तरी संबंध राहील, असे वाटले.

बाजारात जाण्याआधी मूळ अधिसूचना वाचावी, असा आग्रह मी धरला. मास्तरकीची खोड, दुसरे काय! महाराष्ट्र शासनाची ही अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. तिच्या शीर्षकातच प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंचे उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक, हाताळणी आणि साठवणूक अशी सहा कामे ओळीने येतात. वर्गातल्या एका मुलाने विचारले, ‘‘मॅडम, यात कर्ता कुठे आहे?’’ प्रश्न व्याकरणाचा होता आणि मला तो आवडला. भाववाचक नामांची अशी माळ ओवली की करणारा दिसेनासा होतो. कारखान्यापासून टोपलीपर्यंतचे सगळे हात एका ओळीत बसतात आणि दंडही सर्वांना एकच: पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंतचा कारावास. पाच हजार ही रक्कम पिशव्यांच्या कारखानदाराला किती आणि भाजीच्या पाटीमागे बसलेल्या बाईला किती, हा हिशेब अधिसूचनेत असण्याचे कारण नव्हते. पण त्या दुपारी वर्गात तो झाला.

या कायद्यामागचे कारण खरे आहे, हे मुलांना पटवावे लागले नाही. २६ जुलै २००५ च्या पुराची आठवण पनवेलच्या घराघरांत आहे. मुंबईत त्या वेळी गटारे तुंबण्याचा बराच दोष पातळ पिशव्यांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी राज्याने पन्नास मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे विक्रेत्याने केसाहून कमी-अधिक जाडी बोटांनी ओळखायची! २०१८ च्या अधिसूचनेने जाडीचा प्रश्नच मिटवला आणि कॅरीबॅग सरसकट बंद केल्या. केंद्राच्या नियमांत मात्र जाडीची मर्यादा ३० सप्टेंबर २०२१ पासून पंचाहत्तर आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून एकशे वीस मायक्रॉन झाली. दोन संहितांमधला हा पाठभेद बाजारात पोहोचतो तो असा: ‘‘जाड पिशवी चालते, आम्हाला सांगितलंय.’’ कुणी सांगितले, ते मात्र कुणालाच आठवत नाही. त्यात ती कापडासारखी दिसणारी, शिवल्यासारखी पिशवी! ती पॉलिप्रॉपिलीनची असते, हे मलाही या निमित्तानेच कळले. दोन वर्षे मी ती ‘कापडी’ म्हणून अभिमानाने मिरवत होते.

तिसऱ्या आठवड्यात कार्यालयातून फोन आला. आमच्या एका विद्यार्थिनीचे तीसेक अर्ज अपुरे होते. पिशवीचा प्रकार, अंदाजे जाडी, दिवसाला किती लागतात, सारे भरलेले. ‘विक्रेत्याचे नाव’ हा पहिलाच रकाना मात्र कोरा. मी तिला बोलावले. ती खाडीलगतच्या गावातली, वर्गात मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी.

‘‘विसरलीस का गं?’’

‘‘नाही मॅडम. मुद्दाम सोडलंय.’’

मग ती सावकाश बोलू लागली. अर्जात शेवटचा रकाना पुरवठादाराचा होता आणि तो कुणीच भरून देत नव्हते. पिशव्या सकाळी कुणीतरी आणून टाकतो, रोख पैसे घेतो आणि जातो. त्याचे नाव माहीत असले तरी बायका सांगत नाहीत, कारण उद्या पुन्हा त्याच्याकडूनच घ्यायच्या असतात. ‘‘म्हणजे पूर्ण कागदावर एकच नाव उरतं, मॅडम. आणि त्यातलं एक माझ्या आत्याचं आहे. ती मासळी विकते.’’

पिशवीचे समर्थन ती करत नव्हती, हे मला इथे नोंदवले पाहिजे. तिचे काका खाडीत जाळे टाकतात. गाढी नदीतून वाहत आलेल्या पिशव्या भरतीबरोबर मागे फिरतात, तिवरांच्या मुळांत अडकतात, जाळ्यात कोळंबीबरोबर वर येतात. त्या सोडवण्यात काकांची सकाळ जाते. एकाच घरात एका हाताने पिशवी बाहेर जाते आणि दुसऱ्या हाताला ती परत लागते. शेरा या रकान्यात तिने आत्याचे म्हणणे जसेच्या तसे उतरवले होते: पूर्वी गिऱ्हाईक थैली आणि डबा घेऊन यायचे, नाहीतर सागाच्या पानात बांधून द्यायचो; आता गिऱ्हाईक हात हलवत येते आणि पिशवी नसली तर पुढच्या पाटीकडे जाते. सगळ्या अर्जांत मला वाचण्याजोगा वाटला तो हा एवढाच मजकूर. त्या अर्जात गिऱ्हाइकाचा रकानाच नव्हता, आणि ते गिऱ्हाईक मी होते. ऑफिसातून (आम्ही प्राध्यापकही कॉलेजला ऑफिसच म्हणतो) परतताना मासळी घ्यायची आणि पिशवी मागायची, हे मी वर्षानुवर्षे करत आले.

मी कार्यालयाला पत्र लिहिले की, विद्यार्थ्यांनी गोळा केलेली माहिती अभ्यासासाठी आहे आणि नावे दिली जाणार नाहीत. हे आधीच ठरवून घ्यायला हवे होते. ते न करता मुलांना पाठवले ही चूक माझी. कार्यालयाने वाद घातला नाही, पण प्रमाणपत्रावर तिच्या कामाला ‘समाधानकारक’ आणि इतर तिघांना ‘उत्तम’ लिहिले. अंतर्गत गुण माझ्या हाती होते. ते मी दिले. त्यात पक्षपात होता का, याचे उत्तर अजून मला नीट देता येत नाही.

तिने लिहिलेले पत्रक विक्रेत्यांना उद्देशून नव्हते. मासळी आणायला जाताना डबा न्या, असे सरळ एका वाक्यात सांगणारे होते. छापून आले तेव्हा त्याचे ‘नागरिकांनी एकल वापर प्लास्टिकचा वापर टाळावा’ असे झाले होते. तिने ते मला दाखवले आणि हसली. ‘वापर’ दोनदा आला आहे, एवढेच म्हणाली.

पुढच्या रविवारी मी स्टीलचा डबा घेऊन बाजारात गेले. आत्याबाई कुठे बसतात ते मुलीने सांगितले होते. मी कोण ते मी सांगितले नाही. कोळंबीचा वाटा डब्यात गेला. मग मांदेली ताजी दिसली म्हणून तिचाही एक वाटा घेतला. डबा भरलेला होता. त्यांनी सवयीने पाटीखाली हात घातला, माझ्या डब्याकडे पाहिले आणि हात तसाच ठेवून विचारले, ‘‘ही कशात देऊ?’’

मी मांदेली परत केली. त्या काही बोलल्या नाहीत. वाटा उचलून पुन्हा फळीवर लावला आणि त्यावर पाणी शिंपडले.