नसलेल्यांची हजेरी

जे आहे त्याची नोंद ठेवावी, हे कोणालाही पटेल. पण जे नाही त्याचीही नोंद ठेवणारा एक तर अतिसावध कारकून असावा, नाही तर कवी! लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असा एक कारकून बसलेला आहे. फोल्डरमध्ये एखाद्या नावाची फाईल शोधली आणि मिळाली नाही, की तो ‘इथे नाही’ अशी चिठ्ठी स्मृतीत ठेवून देतो. पुन्हा कोणी तेच नाव विचारले, तर डिस्क धुंडाळण्याचा त्रास नको! अशा चिठ्ठ्या साठत साठत लाखांवर जाऊ शकतात.

याच घरात एक पहारेकरीही आहे. २००५ साली लिनक्समध्ये ‘आयनोटिफाय’ ही सोय आली. फोल्डरात काही बदलले, की ज्या प्रोग्रामने पहारा मागितला असेल त्याला ती वर्दी देते. त्यासाठी तिथल्या प्रत्येक फाईलच्या चिठ्ठीवर खूण करायची आणि पहारा उठला की ती पुसायची. खूण असते ती असलेल्या फाईलींवर. पण त्या हुडकताना नसलेल्यांच्याही लाखो चिठ्ठ्या उलटाव्या लागत आणि तोवर फोल्डरला कुलूप! ज्यांचे आत काम असे, ते दाराशी ताटकळत. प्रोसेसर असा २० सेकंदांवर अडकला, तर कर्नल स्वतःच तशी तक्रार नोंदवतो.

२०२४ साली यावर जो उपाय झाला, तो मला फार आवडला. पहारा उठला तरी खुणा राहू द्यायच्या. पुढे कधी एखाद्या फाईलला कोणी हात लावला, की पहारा आहे का ते पाहायचे. नसेल तर तेवढी एकच खूण पुसायची. पहारा बसवतानाची फेरी मात्र या उपायाने टळली नाही, कारण खूण करायला उशीर झाला तर वर्दी चुकेल. पुसायला उशीर झाला, तर कोणाचे काय बिघडते?

घरातले माणूस गेले, की आपण त्याचे कपाट एका दिवसात रिकामे करायला बसतो आणि सारे घर थबकते. त्यापेक्षा चष्म्याचे घर, पासबुक, औषधाची बाटली, जी वस्तू ज्या दिवशी हाताला लागेल, ती त्या दिवशी पाहावी. माझ्या वडिलांची छत्री अजून खुंटीला आहे. ती उतरवण्याची घाई आमच्या घरात कोणालाच नाही.