गुणसूत्र किती कडक?

‘त्यांच्या डीएनएमध्येच आहे’ हे वाक्य हल्ली अख्ख्या जमातीला नावं ठेवायला सर्रास वापरलं जातं. मुसलमान म्हणून माझ्या वाट्याला ते जरा जास्तच येतं. बोलणाऱ्याच्या मनात दगडावरची रेघ असते. ती वस्तू खरंच किती कडक, हे मी वाचायला घेतलं.

अमेरिकेत जॉन मार्को आणि मायकेल पॉइरियर यांनी न्यूट या शेपटीवाल्या उभयचर प्राण्याच्या विभागणाऱ्या पेशीतून एकच गुणसूत्र बाहेर काढलं, काचेच्या बारीक नळ्यांत त्याची टोकं धरली आणि ओढलं. पाचपट ताणूनही सोडल्यावर ते पुन्हा मूळ लांबीवर आलं.

मग त्यांनी भोवतालचं पाणी बदललं. साधं मीठ खूप कमी केलं की गुणसूत्र फुगून मऊ पडतं. खूप वाढवलं तरी तसंच. डीएनएवर ऋणभार असतो, त्याचे भाग एकमेकांना ढकलतात. मीठ कमी असलं की हे ढकलणं झाकायला कुणी नसतं. फार झालं तर उलट हिस्टोन प्रथिनांची डीएनएवरची पकड ढिली होते. मॅग्नेशियमसारखे जास्त धनभाराचे आयन घातले की गुणसूत्र आकसून घट्ट होतं. आमच्या दादी गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवायच्या, त्यातलंही तत्त्व असंच: मातीच्या कणांवर ऋणभार, तुरटीत तीन धनभारांचं ॲल्युमिनियम. गुणसूत्राच्या बाबतीत पाणी पूर्ववत केलं की तेही पूर्ववत होतं. पेशी स्वतःही हे करते. विभाजनाच्या वेळी तिच्यातलं मोकळं मॅग्नेशियम वाढतं, असं जपानी संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं.

आता यावरून ‘बघा, डीएनएसुद्धा बदलतो’ असं उत्तर त्या वाक्याला देण्याचा मोह होतो. मी देणार नाही. मिठानं घडी सैल होते, डीएनएमधली अक्षरं तीच राहतात. ते वाक्य चूक आहे, पण वेगळ्या कारणांनी. आपल्याला सोयीचं विज्ञान फॉरवर्ड करायची खोड आपल्यातही काही कमी नाही.

मला जास्त आवडला तो 2002 मधला दुसरा प्रयोग. गुणसूत्राच्या आत प्रथिनांचा अखंड सांगाडा असतो, असं अनेकांना वाटायचं. मार्को-पॉइरियर यांनी डीएनए कापणारं विकर सोडलं. सांगाडा असता तर तो उरला असता. गुणसूत्राचा ताण गेला आणि शेवटी ते विरघळून गेलं. जोडणारी प्रथिनं आहेत, कंडेन्सिन त्यांतलं मुख्य. पण ती धाग्याला ठिकठिकाणी मारलेल्या टाक्यांसारखी.