हुमनाबाद ते भालकी, मालाच्या गाडीतून

हुमनाबाद म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना माणिकनगर आठवते. माणिकप्रभूंचे दर्शन, प्रसाद आणि दिवस मावळायच्या आत परत. यंदा मी मामाच्या टेम्पोतून बसवकल्याण, हुलसूर करत भालकीपर्यंत गेलो. मामाची साबण-चहा-बिस्किटांची एजन्सी आहे. माल कलबुर्गीहून येतो. मामाच्या तोंडी अजून गुलबर्गाच.

सकाळी सातला निघालो. महामार्गावर राजेश्वरला ड्रायव्हर अण्णा कन्नडमध्ये बोलले. बसवकल्याणच्या बाजारात त्यांची दखनी सुरू झाली. पुढे हुलसूरच्या वाटेवर एका घराच्या पडवीतल्या दुकानापुढे गाडी थांबली आणि अण्णा म्हणाले, "काय आज्जी, गुडघा कसा हाय?" १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा आपल्याकडे आले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात गेले, उरलेला भाग म्हैसूरकडे. माणसे मात्र तिन्ही भाषा बोलत राहिली.

आजी दहानंतर शेतात जातात. अण्णा दर मंगळवारी साडेनऊच्या सुमारास येतात, म्हणून पैसे रुमालात बांधून तयार असतात. मामेभावाने गेल्या वर्षी मोबाइलवर हिशेब मांडला होता: रोजच्या मागणीप्रमाणे क्रम बदलला आणि मोकळा असेल तो ड्रायव्हर पाठवला, तर फेरीमागे अकरा किलोमीटर वाचतात. हिशेब बरोबर होता. तीन आठवडे तसे करून पाहिले. आजींचे दुकान दोनदा बंद मिळाले, उधारी अडकली, आणि बसवकल्याणच्या एका दुकानदाराने दुसऱ्याकडून माल घेतला.

मग भावाने शोधाशोध केली. ग्रोअर, गोल्डन आणि वासिल या तिघांनी २००९ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला आहे: तोच ड्रायव्हर, साधारण तीच वेळ, तरी खर्च कमीत कमी. त्यांची युक्ती सोपी. नेहमीच्या गिऱ्हाइकांवरून आधी फेरीचा साचा बांधायचा. ज्याला आज माल नको त्याला गाळायचे, क्वचित येणाऱ्याला मध्ये बसवायचे, पण नेहमीच्यांचा क्रम मोडायचा नाही. मामाने वही पुढे केली. वीस वर्षे त्यात हेच चालले होते! भावाने साच्यातच दोन थांब्यांची अदलाबदल करून चार किलोमीटर वाचवले. बाकीचे सात मामा खुशीने सोसतो.

अडचण वेगळीच आहे. अण्णा दिवाळीनंतर गाडी सोडणार. त्यांच्या जागी येणारा पोरगा कन्नडभाषक; दोन महिने शेजारी बसून शिकतोय. कुठे हॉर्न वाजवायचा नाही, कोणाचे पैसे पुढच्या खेपेला मागायचे, सगळे टिपतो. भालकीला चहा पिताना त्याची वही पाहिली. मला कन्नड लिपी वाचता येत नाही, म्हणून त्यानेच वाचून दाखवले: "आज्जी, गुडघा कसा हाय?"